भोंगाताईंनी निवडलेली पेटी

भोंगाताईंचं खरं नाव ऑफिसात कुणी घेत नसे. तळमजल्यावरच्या कारखान्यात घासायचं यंत्र घरघरत असलं तरी वरच्या खोलीतून त्यांनी मारलेली हाक खालच्या माणसाला पोचायची, आणि ती आपल्यासाठी नसली तरी तो एकदा वर बघून घ्यायचा. 'भोंगा' हे नाव त्यांच्या माघारी पडलं होतं. ते कानावर आलं तेव्हा रागवायचं सोडून त्या खूश झाल्या. बाईंना आपल्या आवाजाचा फार अभिमान होता, आणि अभिमान धरावा असं त्यांच्यापाशी दुसरं फारसं काही नव्हतं, हेही खरं.

कंपनी लहानशीच. पाय बनवायची. अपघातात नाहीतर आजारात ज्यांचे पाय गेले, त्यांच्यासाठी कृत्रिम पाय. उरलेल्या पायाचं माप स्कॅनरने घ्यायचं, ते कॉम्प्युटरवर आणायचं, तो पाय ज्या वाटीत बसणार ती वाटी पडद्यावर घडवायची, हाड टोचेल तिथे जागा सोडायची, आणि फाईल खालच्या यंत्राकडे पाठवायची. वरच्या लांबट खोलीत टेबलं एका ओळीत, शेवटी साहेबांची काचेची केबिन. सगळ्या फाईली साहेबांच्या जुन्या कॉम्प्युटरवरच्या एका फोल्डरमध्ये असत आणि प्रत्येकाला आपापल्या टेबलावरून त्या उघडता येत.

या फोल्डरला एक खोड होती. एकच फाईल दोघांनी उघडली तर तो दोघांनाही उघडू द्यायचा, कुणाला अवाक्षर बोलायचा नाही, आणि जो शेवटी सेव्ह करील त्याचंच काम ठेवायचा. आधीच्याची मेहनत पाण्यात. असं वारंवार व्हायला लागल्यावर उपाय काढला तो भोंगाताईंनी. फाईल उघडायच्या आधी पेशंटचा नंबर सांगून 'घेतली' म्हणून ओरडायचं. बाकीच्यांनी 'ऐकलं' म्हणायचं. काम झालं की 'सोडली', आणि पुन्हा सगळ्यांचं 'ऐकलं'. दिवसभर हा गजर चालायचा. नव्याने आलेल्या पेशंटला वाटायचं की आत कसला तरी लिलाव चाललाय. पण फाईली वाचल्या, साहेबांनी सगळ्यांदेखत ताईंची पाठ थोपटली, आणि तेव्हापासून ताई त्या खोलीच्या अर्ध्या मालकीण झाल्या.

त्या खोलीत तेव्हा अडखळत बोलणारा एक जण होता. हाताचा फार चांगला. त्याने घडवलेली वाटी पेशंटने कधी परत आणली नाही. पण 'घ' त्याच्या ओठांत अडकायचा. तो 'घ... घ...' करीत असतानाच ताई तीच फाईल खणखणीत आवाजात घेऊन मोकळ्या व्हायच्या, आणि वर म्हणायच्या, "तुमचं 'घेतली' येईपर्यंत पेशंटला खरा पाय फुटेल हो!" सगळी खोली हसायची. तोही हसायचा, दुसरं काय करणार. शेवटी ताईंनीच केबिनमध्ये जाऊन साहेबांना सांगितलं की ज्याला नियम पाळता येत नाही तो या खोलीत धोक्याचा. महिनाअखेरीला त्याला निरोप मिळाला. जाताना तो ताईंच्या टेबलापाशी थांबला आणि काही सांगायला लागला. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ताईंनी 'घेतली' म्हणून पुढची फाईल उघडली.

सांगायचं कारण, ताई बिचाऱ्या होत्या असा कुणाचा समज होऊ नये.

त्यांचे कान जायला लागले ते पुढे काही वर्षांनी. आधी फोनवरचं बोलणं विरळ झालं, मग पाठीमागून आलेलं, मग समोरचंही. घरी नवऱ्याच्या ध्यानात पहिल्यांदा आलं. त्याचं दुकान बंद पडल्यापासून तो घरीच असायचा, ताईंच्या पगारावर घर चालायचं, आणि त्यामुळे तो बेताने बोलायचा. पण एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तो चौथ्यांदा तेच म्हणाला आणि ताई तव्याकडे बघत राहिल्या, तेव्हा त्याने जवळ येऊन त्यांचा खांदा हलवला.

"भिंतीला सांगितलं असतं तर तिने ऐकलं असतं. कानात मशीन घाल बाई एकदाचं."

"मी? आणि मशीन?" ताई फणकारल्या. "म्हातारी झालेय का मी?"

आता हीच बाई दिवसभर पेशंटांना काय सांगायची? "यात लाजण्यासारखं काय आहे? चष्मा नाही का लावत आपण? तसाच हा पाय." तरण्याताठ्या मुली पायाकडे बघून रडायला लागल्या की त्यांना पाण्याचा ग्लास देऊन हेच सांगायची, आणि ते त्या मुलींना पटायचंही. स्वतःला मात्र पटलं नाही. खरी भीती लाजेची नव्हतीच म्हणा. ज्याला नियम पाळता येत नाही तो या खोलीत धोक्याचा, हे वाक्य त्यांचंच होतं, आणि साहेबांची स्मरणशक्ती चांगली होती. कानातलं मशीन दिसलं की खुर्ची गेली, एवढा सरळ हिशेब ताईंनी मांडला होता.

मग सोंग सुरू झालं. खिडकीतून वारा लागतो म्हणून त्यांनी टेबल कोपऱ्यात हलवलं, पाठ भिंतीला लावली. आता सगळ्यांची तोंडं समोर दिसायची. कुणाचं तोंड मोठं उघडलं की ताई सर्वांच्या आधी 'ऐकलं!' म्हणून मोकळ्या. नंबर कोणता हे ओठांवरून कळायचं, नाही कळलं तर पाणी प्यायला उठायचं आणि जाता जाता त्याच्या पडद्यावर नजर टाकून यायचं. पलीकडच्या टेबलावरच्या, सगळे 'रेडिओ' म्हणत त्या सहकाऱ्याचं बोलणं सगळ्यात सोपं. त्याचं तोंड सकाळी सुरू व्हायचं ते संध्याकाळी बंद व्हायचं आणि उघडायचंही टेबलाच्या खणासारखं. अडचण होती ती नवीची. नवी म्हणजे त्या अडखळणाऱ्याच्या जागी आलेली. येऊन वर्षं झाली, तिला एक मूल झालं, तरी नाव 'नवी'च राहिलं. आवाज पातळ, ओठ जेमतेम हलायचे, आणि पडद्याकडे बघताना हनुवटीवर हात ठेवून बोलायची सवय.

एका रंगाऱ्याची वाटी टोचत होती म्हणून तो परत आला. नवीने हाडापाशी जागा वाढवली, फाईल सेव्ह केली. त्याच फाईलची जुनी प्रत ताईंनी सकाळी नुसती बघायला म्हणून, न ओरडता उघडली होती आणि ती बंद केली नव्हती, कारण नवीने 'घेतली' म्हटलेलं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. सगळ्यांची तोंडं हलली म्हणून त्यांनीही 'ऐकलं' म्हटलं होतं. संध्याकाळी त्यांनी काहीतरी बारीकसं बदलून ती सेव्ह केली. नवीचं काम पुसलं गेलं. यंत्राने पुन्हा तीच टोचणारी वाटी कोरली. रंगारी सोसणारा होता. नवीन पाय आहे, सवय होईल, म्हणून शिडीवर चढत राहिला. जखम चिघळली तेव्हा डॉक्टरांनी पाय काढून ठेवायला सांगितला आणि तो पुन्हा कुबड्यांवर आला.

साहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. नवी रडत होती.

"मी ओरडले होते. ताई, तुम्ही स्वतः 'ऐकलं' म्हणालात."

"दुसऱ्या कुणाला म्हणाले असेन," ताई म्हणाल्या. बोलणं त्यांना पुरतं कळलं नव्हतं, पण रडणाऱ्या माणसाचं म्हणणं काय असणार हे कळायला कान लागत नाहीत. "ती ओरडलीच नाही, साहेब. ओरडली असती तर मला ऐकू आलं नसतं? माझ्या कानांबद्दल तरी कुणी बोलू नये."

रेडिओ म्हणाला, त्याला आठवत नाही. बाकीच्यांनाही नाही आठवलं. साहेबांनी मोठ्या आवाजावर विश्वास ठेवला, तसा ते नेहमीच ठेवायचे. नवीची पगारवाढ गेली, आणि रंगाऱ्याच्या घरी जाऊन माफी मागायचं काम तिच्यावर आलं. त्याच्या बायकोने तिला उंबऱ्याबाहेर उभी केली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलून घेतलं. नवी परत आली ती थेट आपल्या टेबलापाशी जाऊन कामाला लागली. ताईंना वाईट वाटलं. वाटलं, पण खरं सांगण्याइतकं वाटलं नाही.

या प्रकरणाने साहेब मात्र हादरले. आरडाओरड पुरे झाली, आता रीतसर सर्व्हर घेऊ, असं त्यांनी ठरवलं आणि एका माणसाला बोलावलं. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, खांद्यावर जड पिशवी, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघून सावकाश बोलणारा. ताईंना तो पहिल्या भेटीतच आवडला.

त्याने तीन प्रकार मांडले. पहिला, कपाटाएवढा मोठा सर्व्हर. त्याला थंड खोली हवी, सांभाळायला जाणकार माणूस हवा. दुसरा, पावाच्या डब्याएवढी एक पेटी. आत दोन डिस्क, एक बिघडली तर दुसरी चालू. एकाने फाईल उघडली की ती त्याच्या नावाने अडवली जाते, दुसऱ्याला नुसती बघता येते, बदलता येत नाही. तिसरा, फाईली इंटरनेटवर ठेवायच्या. पण या फाईली भलत्या जड आणि इथलं इंटरनेट धापा टाकणारं.

रेडिओ म्हणाला, "साहेब, ओरडायला काय लागतं? घसा आपला, हवा फुकट. उगाच डबे कशाला आणायचे?"

ओरडणं चालू राहिलं तर आज ना उद्या सोंग उघडं पडणार, हे ताईंनी ओळखलं. त्या उठल्या आणि त्यांनी असा काही धडाका लावला की रेडिओसुद्धा गप्प झाला. मोठा सर्व्हर ठेवणार कुठे, साहेबांच्या डोक्यावर? इंटरनेट गेलं की पेशंटला काय एका पायावर उभं करणार? आणि ओरडण्यावर विसंबून काय झालं ते रंगाऱ्याला विचारा. स्वतः काढलेला नियम बाई स्वतःच्या हातांनी मोडीत काढत होत्या. साहेबांना त्यात मोठेपणा दिसला. ते म्हणाले, "बघा, याला म्हणतात कंपनीचं हित." पेटी महिनाभर वापरून बघायची आणि मग घ्यायचं ठरवायचं, असं झालं. ताईंचा जीव भांड्यात पडला.

पेटी आली, केबिनबाहेरच्या फळीवर बसली, तिचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. आणि खोली शांत झाली. 'घेतली' नाही, 'सोडली' नाही. फाईल दुसऱ्याकडे असेल तर पडद्यावर त्याचं नाव यायचं, संपला विषय. ताई कित्येक वर्षांत इतक्या मोकळ्या बसल्या नव्हत्या. कुणाच्या ओठांकडे डोळ्यांत तेल घालून बघायला नको, उगाच पाणी प्यायला उठायला नको. त्यांनी टेबलसुद्धा परत खिडकीपाशी नेलं. उन्हात बसून काम करायच्या, मधूनच एखादी चाल गुणगुणायच्या. त्यांच्या हातून त्या दिवसांत झालेल्या वाट्या सगळ्यात सुबक होत्या, हे साहेबांनीही मान्य केलं.

पण गजर होता तोवर त्यात सगळं लपत होतं. कुणी काही विचारलं आणि ताईंनी उत्तर दिलं नाही तर गोंगाटात राहून गेलं असेल, असं वाटायचं. आता खोली इतकी शांत होती की कागद उलटलेला कळायचा, आणि त्या शांततेत माणसं साध्या आवाजात बोलायला लागली होती. ताईंनी ज्या पेटीच्या आड लपायचं ठरवलं, तिनेच त्यांच्या अंगावरचं पांघरूण ओढलं.

नवीला ते आधी कळलं. ताईंची पर्स खुर्चीवरून खाली पडली होती. नवी मागून म्हणाली, "ताई, तुमची पर्स पडलीय." ताई माऊस हलवत राहिल्या. नवीने पुन्हा सांगितलं. मग ती तिथेच थबकली. तिच्या डोक्यात काय काय जुळलं ते तिचं तिला माहीत. ती दोन पावलं जवळ आली आणि अगदी हळू नाही, अगदी मोठ्याने नाही, अशा आवाजात म्हणाली, "ताई, तो रंगारी तुमच्यामुळे घरात पडून आहे." ताई गुणगुणत होत्या. सूर चुकत होता.

नवीने रेडिओला सांगितलं, आणि रेडिओला सांगितलं म्हणजे सगळ्यांना सांगितलं. मग खेळ सुरू झाला. रेडिओ ताईंच्या मागे उभा राहून म्हणायचा, "ताई, तुमच्या डोक्याला आग लागलीय, विझवू का?" बाकीचे फिदीफिदी हसायचे. ताईंना हसणारे चेहरे दिसायचे. काहीतरी विनोद झाला असं समजून त्याही हसायच्या आणि मान मागे वळवून म्हणायच्या, "काय पण बोलतोस रे!" हे वाक्य कशालाही चालतं म्हणून त्यांनी ते धरून ठेवलं होतं. रेडिओला तेवढंच हवं असायचं. त्यांच्या नवऱ्याबद्दल, त्यांच्या शरीराबद्दल, त्यांच्या मरणाबद्दल तो काहीबाही बोलायचा, आणि दर वेळी ताई सगळ्यांहून मोठ्याने हसून म्हणायच्या, "काय पण बोलतोस रे!" एकदा साहेब केबिनच्या दारात उभे होते. त्यांनीही ऐकलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले, पण खांदे हलायचे ते हललेच. माणसं मुळात वाईट नसतात असं म्हणतात. म्हणोत बापडे.

नवी एकटी हसत नव्हती. तिला हसायचं नव्हतं, तिला आपल्यावरचा डाग पुसायचा होता, आणि ती वाट बघत होती.

महिना सरला. पेटीवाला पिशवी घेऊन आला. त्याच्याभोवती सगळे जमले, ताई पुढच्या खुर्चीवर ऐटीत बसल्या. साहेबांनी विचारलं, "मग, घ्यायची का?"

नवी उठून ताईंच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. आवाज पातळच होता, पण शांत खोलीत तो सगळीकडे पोचला.

"साहेब, रंगाऱ्याची चूक माझी नव्हती. मी ओरडले होते. ताईंना ऐकूच येत नाही. त्यांना ते ठाऊक होतं, तरी त्यांनी खापर माझ्या डोक्यावर फोडलं. मी खोटं बोलत असेन तर त्या आत्ता नाही म्हणतील. मी त्यांच्या मागेच उभी आहे."

सगळे ताईंकडे बघायला लागले. रेडिओनेही खाली घातलेली मान वर केली. ताईंना एवढंच दिसलं की पेटी घ्यायची की नाही हे ठरवायचं आहे आणि सगळे आपल्या शब्दासाठी थांबलेत. इतका मान त्यांना बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता.

"अहो, हो! यात विचारायचं काय?" त्या आपल्या जुन्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "मी तर पहिल्या दिवसापासून हेच सांगतेय. आता नवीच्या हातून तरी पुन्हा तसलं व्हायचं नाही."

नवीने डोळे मिटले. साहेबांनी ताईंकडे पाठ केली आणि ते पेटीवाल्याला म्हणाले, "पेटी ठेवा. प्रत्येकाच्या नावाने कायमचं खातं काढून द्या. यांचं सोडून."

पिशवीत वाकून लॅपटॉप काढणारा पेटीवाला गोंधळला. खोलीतलं राजकारण त्याला ठाऊक नव्हतं. "पण साहेब, आता ओरडायचंच नाही. मग कान नसले म्हणून काय बिघडतं? या पेटीवर त्या आरामात काम करतील."

"करतील हो. आणि त्या रंगाऱ्याला मी काय सांगू?" साहेब म्हणाले. "महिनाअखेरीला सांगतो त्यांना. तोवर आहे ते हातातलं संपवू देत."

"कागदावर लिहून द्यावं लागेल, साहेब," ताईंच्या मागे सरकून रेडिओ म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही. तो स्वतःही नाही.

पेटीवाल्याने लॅपटॉप उघडला आणि एकेकाचं नाव विचारून खाती काढायला लागला. साहेबांचं झालं, रेडिओचं झालं, नवीचं झालं. ताई खुर्ची ओढून त्याच्या अगदी शेजारी बसल्या होत्या. पडद्यावर एकाखाली एक उमटणारी नावं त्या कौतुकाने बघत होत्या. आपलं नाव अजून आलं नाही हे त्यांना दिसत होतं, पण पेटी आपण निवडली, तेव्हा घरच्या माणसासारखं आपलं शेवटी घेणार, असं त्यांनी धरलं होतं. शेवटचं नाव टाकून पेटीवाल्याचा हात थांबला.

ताई त्याच्याकडे वाकल्या आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात, पण त्यांना स्वतःला वाटलं की हळूच, म्हणाल्या, "माझा पासवर्ड तेवढा सोपा ठेवा हं. अवघड असला की लक्षात राहत नाही."

त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब केबिनमध्ये जाऊन दार लावत होते. नवी आपल्या पडद्याकडे बघत होती. मग पेटीवाल्याने ताईंकडे तोंड वळवलं आणि ओठ नीट हलवून म्हटलं, "हो." तेवढं मात्र ताईंना स्पष्ट कळलं, आणि त्या समाधानाने उठून आपल्या टेबलाकडे गेल्या.